पुलमनचे सहा शनिवार

वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्व टोकाला, गव्हाच्या टेकड्यांमध्ये पुलमन नावाचं गाव आहे. वस्ती 32-33 हजार, आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्येही साधारण तेवढीच माणसं बसतात. मी तिथल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत एम.एस. केलं. आता सिएटलजवळ राहते, पण जीव अजून त्या गावात अडकलाय.

मॅचच्या आदल्या दिवशी 26 नंबरच्या रस्त्यावर सिएटलकडच्या गाड्यांची रीघ लागायची. साडेचारशे किलोमीटर! मोटेलवाले दोन रात्रींचं बुकिंग असेल तरच खोली देत. गावात जागा संपली की लोक शेजारच्या मॉस्कोत, म्हणजे आयडाहो राज्यात, मुक्काम टाकायचे. युनिव्हर्सिटीच्या डेअरीचं फर्डिनांड्स नावाचं दुकान आहे. तिथे आइस्क्रीमची रांग दाराबाहेर यायची आणि कुगर गोल्ड चीजचे पत्र्याचे डबे माणसं चार-चार उचलून न्यायची. आपल्याकडे जत्रेत दुकानदार वर्षाची बेगमी करतात, तसे हे सहा-सात शनिवार.

मग टीव्हीचा पैसा आला. 2022 मध्ये बिग टेन कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचा गट) फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी 7 अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. लॉस एंजेलिसच्या टीमपाठोपाठ ऑगस्ट 2023 मध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टननेही ओरेगनसोबत तिकडे जायचं ठरवलं. 1915 पासून चालत आलेल्या आमच्या पॅक-12 या कॉन्फरन्समध्ये शेवटी दोघंच उरले, पुलमनची वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसची ओरेगन स्टेट. लॉस एंजेलिसच्या टीमसोबत येणारे पाहुणे गेले. 2024 मध्ये घरच्या मैदानावर सॅन होजे स्टेट, हवाई, वायोमिंग अशा मॅच झाल्या. हवाईहून पुलमनला मॅच बघायला कोण किती येणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते ॲपल कपचं. वॉशिंग्टन स्टेट आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन या राज्यातल्या दोन युनिव्हर्सिट्यांची ही मॅच नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या सुमाराला व्हायची. त्या आठवड्यात मुलं घरी गेलेली असतात, गाव ओस पडतं, आणि नेमकी तेव्हाच ही गर्दी यायची. आता ती सप्टेंबरमध्ये होते, मुलांनी गाव भरलेलं असताना. त्यातून 2024 ची पाळी पुलमनची होती, तरी मॅच सिएटलला झाली.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: राज्याचं यात काय नुकसान? सिएटलच्या माणसाने पुलमनला पैसे उडवले नाहीत तर तो सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूत जेवेल, सेल्स टॅक्स राज्यालाच मिळेल. हिशेब बरोबर आहे. पण बेलव्ह्यूला त्या जेवणाने काडीचा फरक पडत नाही. पुलमनच्या हॉटेलात वाढणाऱ्या मुलीचं महिन्याचं भाडं त्यावर निघतं.

2026 पासून नवी पॅक-12 सुरू होतेय. त्यात आयडाहोतली बॉयझी स्टेट आहे, तिथून लोक गाडीने येऊ शकतात, तेवढा आधार. पण ॲपल कपचा सध्याचा करार 2028 पर्यंतच आहे, आणि दोन्ही युनिव्हर्सिट्या सरकारी आहेत. पुढच्या करारात ही मॅच पुन्हा नोव्हेंबरमध्ये आणि वर्षाआड पुलमनमध्येच व्हायला हवी. मी माझ्या भागाच्या आमदारांना तसं पत्र लिहिलंय. वॉशिंग्टनमध्ये मतदार असाल तर तुम्हीही लिहा.