काळी तीनची गिटार : कर्टिस मेफिल्डवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मेफिल्डवरच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गायक आणि गीतकार म्हणून हा अमेरिकन सोल संगीतातला कलाकार मोठा, पण वादक म्हणून त्याला उगाच चढवून ठेवलंय. ओपन ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, मिळावा अशा लावलेल्या तारांत) एक बोट आडवं टाकलं की कॉर्ड तयार, त्यात कसब कसलं? त्याच्या जागी दुसरा कुणीही गिटारवाला बसवला तरी गाणं तेच राहील. शिवाय १९७० मध्ये तो बाहेर पडल्यावर ‘इम्प्रेशन्स’ हा त्याचा गायकांचा गट संपला, हे लेखातलं वाक्य चुकीचं.

शेवटचं शंभर टक्के मान्य. त्याच्या जागी लेरॉय हटसन आला आणि गट पुढंही गात राहिला. लेखात दुरुस्ती केली आहे.

बाकीचं मान्य नाही. शिकागोतल्या या मुलानं आधी पियानोच्या काळ्या पट्ट्या वाजवल्या आणि गिटार हाती आल्यावर तिच्या तारा त्याच सुरांत लावल्या. जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेपर्यंत : एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. पेटीवाल्यांच्या भाषेत एफ शार्प म्हणजे काळी तीन. तिचा सा धरा, म्हणजे सा ग प सा ग सा. (काळी तीनपासून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या की भूपाचे सूर मिळतात. म्हणून मेफिल्डच्या चाली भूपातल्या ठरत नाहीत. आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

आडव्या बोटानं कॉर्ड मिळतो हे खरं, पण फक्त मेजर, म्हणजे शुद्ध ग असलेला. मायनरसाठी ग कोमल हवा, म्हणजे पाचवी आणि दुसरी तार एक फ्रेट (गिटारच्या मानेवरचं एक घर, अर्ध्या स्वराचं) मागं न्यायला हवी. आडव्या बोटाच्या मागं कसं जाणार? खर्जात सहावी-पाचवी मिळून सा-ग वाजतो, तो गढूळ लागतो. दुसऱ्या आणि पहिल्या तारेत एरवी पाच अर्ध्या स्वरांचं अंतर असतं, इथं आठ. त्यामुळं पुस्तकातल्या कॉर्डच्या आकृत्या इथं कामाच्या नाहीत.

मग उरतात दोन-दोन तारांचे तुकडे, आणि मेफिल्डची शैली तिथंच आहे. तिसरी आणि दुसरी तार घ्या. आधी तिसरीचा फ्रेट, मग दुसरीचा : ०-०, २-१, ४-३, ५-५, ७-७, ९-८, ११-१०, १२-१२. सा-ग, रे-म, ग-प, म-ध, प-नी, ध-सा, नी-रे, पुन्हा सा-ग. प्लेक्ट्रमशिवाय (तार छेडायच्या चकतीशिवाय), नुसत्या बोटांनी छेडा आणि एका जोडीवरून दुसरीवर घसरत जा. सोपं वाटलं तर कळवा.

पुरावा हवा तर ‘कर्टिस/लाइव्ह!’ हा मैफिलीचा अल्बम ऐका. जानेवारी १९७१, न्यूयॉर्कचा ‘बिटर एंड’ क्लब. मंचावर पाचच जण : मेफिल्ड, दुसऱ्या गिटारवर क्रेग मॅकम्युलन, बेसवर लकी स्कॉट, ड्रम्सवर टायरोन मॅक्युलन आणि तालवाद्यांवर हेन्री गिब्सन. स्टुडिओतल्या अल्बममधला ब्रास नाही, व्हायोलिनं नाहीत. ‘पीपल गेट रेडी’मध्ये ओळ संपली की रिकामी जागा गिटार भरते, गाण्यामागची पेटी भरते तशी. फरक एवढाच की इथं गायक आणि साथीदार एकच. गटाचा आधीचा मुख्य गायक जेरी बटलर १९५८ मध्ये ‘इम्प्रेशन्स’ सोडून गेल्यावर त्याच्याच दौऱ्यांत मेफिल्ड गिटारवादक म्हणून फिरला होता, हेही विसरू नका. साथ करण्याची सवय तिथली.

करून बघायचं असेल तर तारांचा हिशेब आधी करा. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा पहिली आणि सहावी तार पूर्ण स्वरानं चढते, म्हणजे ताण सुमारे २६ टक्के वाढतो. पाचवी अर्ध्या स्वरानं चढते, १२ टक्के. चौथी, तिसरी, दुसरी अर्धा स्वर उतरतात, प्रत्येकी ११ टक्के ढिल्या. दहाच्या संचात (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) पहिली तार चढवली की फार ताठ होते, तिथं ०.००९ इंचाची लावा, एफ शार्पला तिचा ताण नेहमीच्या दहाच्या तारेइतकाच येतो. सहावी ०.०४६ ऐवजी ०.०४२. आधी उतरायच्या तारा उतरवा, मग चढवा. तरंगता ट्रेमोलो ब्रिज (तारांचा स्प्रिंगवर हलणारा आधार) असेल तर एक तार लावली की बाकीच्या हलतात. दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला. दुसरा मार्ग : सगळं एक स्वर खाली लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). तारा तुटणार नाहीत, पण चौथी, तिसरी, दुसरी तीन-तीन अर्धे स्वर उतरतात आणि फ्रेटवर खरखरतात. त्या जागी जाड तारा लागतील.

राहिला ‘दुसरा कुणीही’चा मुद्दा. १३ ऑगस्ट १९९० ला ब्रुकलिनच्या विंगेट फील्डवर मंचावरची प्रकाशयोजनेची चौकट मेफिल्डवर कोसळली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. १९९६ चा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ त्यानं उताणं पडून, एकेक ओळ करत गायला. त्यावरची गिटार अर्थातच दुसऱ्यांची. तुम्ही म्हणता तो प्रयोग तिथं झालेला आहे. तो अल्बम आणि ‘बिटर एंड’चा, दोन्ही एकाच संध्याकाळी ऐका आणि काय वाटलं ते लिहा.