कवळी, कोलिमा आणि मुख्य रचनाकार

परवा सोडलेले रॉकेट कुठे भरकटले ते प्रत्येकाने आपापल्या घरी पाहिलेच होते, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी नाशिकच्या आमच्या कट्ट्यावर त्याची उजळणी झाली नाही. नाना आले, रुमालाने जागा झटकून बसले आणि साक्षीपुरावे, युक्तिवाद वगैरे मधल्या पायऱ्या गाळून त्यांनी थेट निकाल जाहीर केला.

"त्या रॉकेटवाल्यांतल्या दोघांना आत टाका, पुढचे रॉकेट सुतासारखे सरळ जाईल. रशियाने दुसरे काय केले? शिस्त लावली."

नानांनी गेल्या आठवड्यातच नवी कवळी बसवली आहे आणि ती अजून हिरड्यांशी जुळलेली नसल्यामुळे त्यांच्या तोंडून 'शिस्त' हा शब्द बाहेर पडताना एक बारीकशी शिट्टी वाजते. एकवीस वर्षे मुख्याध्यापक म्हणून गळ्यात अडकवलेली शिट्टी त्यांनी आता तोंडातच बसवून घेतली आहे, असे मंदारचे म्हणणे. मंदार वयाने सर्वांत लहान असल्यामुळे त्याने ते नाना येण्यापूर्वी उरकून घेतले होते.

"टाकले होते," वसंतराव म्हणाले. "त्यांच्या रॉकेटवाल्या कोरोल्योव्हला आत टाकले होते. २७ जून १९३८. तुझ्या पद्धतीचा प्रयोग पूर्ण झालेला आहे, नाना, आणि त्याचे सगळे निकाल उपलब्ध आहेत."

वसंतरावांनी ओझरच्या मिग कारखान्यात तपासणी विभागात बत्तीस वर्षे काढली. रशियन आरेखनांवरच्या टिपा वाचता वाचता त्यांना ती भाषा थोडीफार आली आणि कोणतीही गोष्ट मोजपट्टी लावल्याशिवाय मान्य करायची नाही, ही खोडही तिथलीच.

"मग माझेच म्हणणे सिद्ध झाले की!" नाना उसळले. "त्याच कोरोल्योव्हने १९५७ साली स्पुटनिक सोडला, १९६१ साली गागारिनला वर पाठवले. तुरुंगाने माणूस घडवला."

यावर वसंतरावांनी जे सांगितले ते मी शक्य तितके क्रमाने देतो, कारण मध्ये दोन वेळा चहा आला आणि एकदा नानांच्या ओळखीचे कोणीतरी स्कूटर थांबवून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलत राहिले. मॉस्कोत १९३३ साली रॉकेट संशोधनाची जी संस्था उभी राहिली तिच्या पाठीशी लाल सेनेतला तुखाचेव्स्की होता, ज्याला घोड्यापलीकडचे युद्ध दिसत होते. जून १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली आणि मग त्याने हात दिलेला प्रत्येक माणूस आपोआप संशयित ठरला. संस्थेचा संचालक क्लेइम्योनोव्ह आणि मुख्य अभियंता लांगेमाक यांना जानेवारी १९३८ मध्ये संपवले. पुढे ज्या कात्युशा रॉकेटांनी जर्मनांची दाणादाण उडवली त्यांच्या मुळाशी याच लांगेमाकचे काम होते. मार्चमध्ये इंजिने बनवणारा ग्लुश्को तुरुंगात गेला, जूनमध्ये कोरोल्योव्ह. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि दूर सायबेरियातल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणीवर पाठवण्यात आले. तिथे स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजल्या आणि दात गळले.

"आता हिशेब कर," वसंतराव म्हणाले. "इकडे हा माणूस बर्फात खडी उपसत होता तेव्हा तिकडे बाल्टिकच्या किनाऱ्यावर, पेनेम्युंडेला, जर्मन रॉकेट तयार होत होते, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये ते उडालेही. युद्ध संपल्यावर त्याच कोरोल्योव्हला लष्करी गणवेश चढवून जर्मनीत पाठवले, कशासाठी? त्या रॉकेटचे उरलेसुरले भाग गोळा करून ते कसे बनवले असेल हे शोधण्यासाठी. त्याचे स्वतःचे पहिले मोठे रॉकेट १९४८ साली उडाले आणि तेसुद्धा जर्मन रॉकेटची नक्कल होते. ज्याने मूळ वस्तू केली असती त्याला तू आधी आत टाकलेस आणि मग नक्कल करायला बसवलेस. याला तू शिस्त म्हणतोस, आमच्या कारखान्यात याला भंगार काढणे म्हणत."

आतापर्यंत कॉम्रेड गप्प होते. त्यांचे खरे नाव काहीही असले तरी बँकेच्या युनियनमधल्या भाषणांमुळे त्यांना हेच नाव चिकटले आहे. सोव्हिएत संघ मोडून तीस-पस्तीस वर्षे झाली, पण त्याविषयी कोणी वावगे बोलले की ते अजूनही घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलल्यासारखे अस्वस्थ होतात. "अमेरिकेने कोणाला घेऊन चंद्र गाठला?" त्यांनी विचारले. "त्याच जर्मन रॉकेटच्या फॉन ब्राउनला. त्याचे रॉकेट डोंगराखालच्या कारखान्यात कैद्यांकडून मारून मुटकून बनवून घेतलेले होते. तेव्हा फक्त रशियाचेच वस्त्र फेडू नका."

"मी कोणाचेच झाकत नाही," वसंतराव म्हणाले. "पण ब्राउनने परके कैदी वापरले. यांनी स्वतःचे इंजिनिअर कैदी केले, हा शोध मात्र पूर्णपणे स्वदेशी होता."

शाराश्का हा शब्द त्यांनी तेव्हा उच्चारला. शाराश्का म्हणजे कैद्यांचे आरेखन कार्यालय: खाणीपेक्षा बरे जेवण, अंगावर बरे कपडे आणि दारावर पहारा. विमानांचा तुपोलेव्ह ऑक्टोबर १९३७ मध्ये धरला गेला आणि अशाच कार्यालयात त्याने बॉम्बफेकी विमान तयार केले. कोलिमाहून परत आणलेला, दात गेलेला कोरोल्योव्ह १९४० साली त्याच्याच हाताखाली आला आणि यामुळेच तो जगला, असे म्हणायला हरकत नाही. "त्या तुपोलेव्हच्या नावाची भली मोठी विमाने आपल्या नौदलाने १९८८ साली गोव्याला दाबोळीवर आणली होती. ती पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. चार इंजिने, प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे. कुंपणाबाहेर उभा राहून मी हेच मनात म्हणत होतो, की या नावाला एकेकाळी कैदी-क्रमांक होता."

नाना थोडे वरमले, पण हार मानणाऱ्यांपैकी ते नाहीत. "रॉकेटवाल्यांचे सोड, सैन्याचे बोल. सैन्यात शिस्तीशिवाय," येथे शिट्टी वाजली, "काहीच चालत नाही."

मी अर्थातच तटस्थ होतो, तरी नानांनी हे मैदान निवडायला नको होते असे मला वाटले. १९३५ साली लाल सेनेचे पहिले पाच मार्शल नेमले गेले. पुढच्या चार वर्षांत त्यांतले तुखाचेव्स्की, ब्ल्यूखर आणि येगोरोव्ह हे तिघे संपवले गेले, आणि उरले ते व्होरोशिलोव्ह आणि मिशाळ बुद्योन्नी, दोघेही घोडदळाच्या आठवणींत रमणारे. १९४१ साली जर्मन रणगाडे आत घुसले तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली, हे वसंतरावांनी सांगितले नाही, कारण कॉम्रेडनी स्वतःच मान खाली घातली होती.

"रोकोसोव्स्की हा सेनापती घे," वसंतराव म्हणाले. "ऑगस्ट १९३७ मध्ये धरला. मारहाणीत त्याचे दात पाडले. त्याने कबुलीजबाब दिला नाही. मार्च १९४० मध्ये 'जा' म्हणून सोडला आणि लगेच हुद्दाही परत दिला, जणू मधली अडीच वर्षे तो हवापालटाला गेला होता. त्यानंतर धातूचे दात बसवून तो सगळे युद्ध लढला. १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूसवर चढाई करायची होती तेव्हा याचे म्हणणे होते की एका ठिकाणी घुसण्यापेक्षा दोन ठिकाणी घुसावे. त्याच्या आठवणींत लिहिले आहे की स्टालिनने त्याला दोनदा शेजारच्या खोलीत जाऊन विचार करून यायला सांगितले आणि दोन्ही वेळा त्याने बाहेर येऊन तेच उत्तर दिले. ज्या माणसाला अशाच एका खोलीत नेऊन दात पाडले होते, त्याने."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. नाना मात्र विजयी मुद्रेने पुढे सरसावले. "बघ! स्टालिनने ऐकून घेतले ना? म्हणजे विरोध चालत होता."

नानांचा हा मुद्दा बरा होता हे मान्य केले पाहिजे. सबंध संध्याकाळी तो एकच बरा होता.

"चालत होता की," वसंतराव म्हणाले. "फक्त आधी दात जमा करावे लागत. आणि तो माणूस तरी काय आहे बघ, धातूच्या दातांनी तो बाल्टिकपर्यंत पोहोचला. तुझ्या कवळीला अजून चिवडा चावत नाही."

चिवड्याचा पुडा नानांच्या पुढ्यात तसाच पडून होता, ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. मंदार हसता हसता ठसकला.

मला या सगळ्यात लहानपणीची एक गोष्ट आठवत होती. आमच्याकडे सोव्हिएत वकिलातीचे एक मासिक येत असे. ते कोणी वाचत असे असे नाही, पण त्याचा कागद इतका गुळगुळीत आणि टणक होता की जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना त्याचीच कव्हरे घातली जात. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर गागारिन हसत होता. त्याचे शिरस्त्राण, त्यावरची लाल अक्षरे, हे सगळे मला पाठ होते. ज्याने त्याला वर पाठवले त्याचा फोटो त्या मासिकात पाहिल्याचे मात्र मला आठवत नाही. जिवंतपणी त्याचा उल्लेख फक्त 'मुख्य रचनाकार' असा होई; वर्तमानपत्रात लेख लिहायचा तर तोही 'प्रा. के. सर्गेयेव्ह' या टोपणनावाने. लोकांना कोरोल्योव्ह हे नाव प्रथम कळले ते जानेवारी १९६६ मध्ये त्याच्या मृत्युलेखातून. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. शस्त्रक्रिया करायला खुद्द आरोग्यमंत्री पेत्रोव्स्की उभा होता. पण रोग्याचा जबडा पुरेसा उघडेना आणि श्वासनलिकेत नळी घालणे कठीण झाले. तो जबडा १९३८ च्या चौकशीत मोडला होता, असे सांगतात.

मी हे बोलून दाखवल्यावर वसंतराव एवढेच म्हणाले, "म्हणजे शिक्षेची मुदत संपायला अठ्ठावीस वर्षे लागली."

मग मंदारने फोनवरून डोके वर काढले आणि ग्लुश्कोचा विषय पुढे नेला. कोरोल्योव्हवर ठेवलेल्या आरोपांत ग्लुश्कोकडून जबरदस्तीने मिळवलेल्या जबानीचाही आधार होता, आणि पुढे दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले तरी ती अढी पूर्ण गेली नाही. चंद्रावर जाण्याच्या रॉकेटसाठी कोरोल्योव्हला केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवा होता; ग्लुश्कोला एकमेकांना स्पर्श होताच पेटणारी विषारी द्रव्ये हवी होती. दोघेही हटले नाहीत. शेवटी कोरोल्योव्हने विमानांची इंजिने करणाऱ्या कुझ्नेत्सोव्हकडे धाव घेतली, पहिल्या टप्प्याला तीस इंजिने लावावी लागली आणि तो सबंध टप्पा जमिनीवर बांधून एकदाही पेटवून पाहिला गेला नाही. १९६९ ते १९७२ या काळात ते रॉकेट चार वेळा उडवले आणि चारही वेळा फसले.

"आणि १९७४ साली सूत्रे हाती आल्यावर ग्लुश्कोने ते काम बंद पाडले," मंदार म्हणाला, "आणि स्वतः कोणते इंजिन केले? केरोसीन आणि ऑक्सिजनचे. त्याच घराण्यातले इंजिन पुढे अमेरिकेने विकत घेतले आणि त्यावर स्वतःचे उपग्रह सोडले."

"म्हणजे यांनाही आत टाकायला हवे होते," नाना पुटपुटले.

"दोघेही आतच होते रे, नाना! तेच तर सांगतोय."

नानांनी पुन्हा उचल खाल्ली आणि शिस्त कमी पडली की असेच होते असे म्हणाले. त्यावर वसंतरावांनी नेदेलिनची गोष्ट काढली. क्षेपणास्त्रदलाचा प्रमुख मार्शल नेदेलिन २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकोनूरच्या प्रक्षेपणतळावर रचनाकार यांगेलच्या नव्या क्षेपणास्त्रापासून काही पावलांवर खुर्ची टाकून बसला होता. नोव्हेंबरचा क्रांतिदिन तोंडावर आला होता आणि वरून विचारणा चालू होती. इंधन भरलेले, गळणारे क्षेपणास्त्र रिकामे न करताच त्यावर दुरुस्ती चालू होती. साहेब स्वतः बसल्यावर बाकीच्यांनी मागे सरायचे कसे? दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अचानक पेटले, त्याची ज्योत खालच्या टप्प्याच्या टाकीवर आली आणि सत्तरहून अधिक माणसे जळून गेली. मार्शलचा मृत्यू विमान अपघातात झाला, असे देशाला सांगण्यात आले आणि खरी हकीकत १९८९ पर्यंत दडपून ठेवली.

"याहून जास्त शिस्त कुठे मिळेल ते दाखव," वसंतराव म्हणाले. "एकही माणूस हलला नाही."

"आणि यांगेल?" मी विचारले.

"तो सिगारेट ओढायला बंकरमध्ये गेला होता."

कॉम्रेडनी खिशातले बिडीचे बंडल बाहेर काढून सर्वांच्या नजरेसमोर धरले. त्यांच्या सूनबाईंनी त्यावर जी बंदी घातली आहे तिच्याविरुद्ध आता आपल्याकडे ऐतिहासिक पुरावा आहे, असे त्यांनी जाहीर केले. पण बिडी पेटवल्यावर ते जरा वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मला रॉकेटवाल्यांपेक्षा तो वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह जास्त सलतो. जगभर हिंडून गव्हाची, ज्वारीची, कडधान्यांची बियाणी गोळा केली. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा त्याच्या संस्थेतली माणसे उपाशी मेली, पण त्यांनी ती बियाणी खाल्ली नाहीत. आणि तो स्वतः १९४३ च्या जानेवारीत सारातोव्हच्या तुरुंगात भुकेने मेला. हे वाचले तेव्हा मी दोन दिवस युनियनच्या कार्यालयात गेलो नव्हतो."

वसंतरावांनी काही न बोलता चिवड्याचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

आता विषय इथेच संपला असता, पण नानांना निरोपाची शिट्टी वाजवल्याशिवाय चैन पडत नाही. "काही म्हणा, शिस्त हवीच."

"मग माझे पुस्तक आणून दे," वसंतराव म्हणाले. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे भौतिकशास्त्राचे ते कापडी बांधणीचे पुस्तक नानांनी १९८४ साली, राकेश शर्मा वर गेला त्या आठवड्यात, 'मुलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत' म्हणून चार दिवसांसाठी नेले होते. त्याचा उल्लेख या कट्ट्यावर वर्षातून एकदा तरी होतोच.

"ते पुस्तक माझ्याकडे नाही," नाना शांतपणे म्हणाले. "ते मी त्याच वर्षी कॉम्रेडला दिले."

सगळ्यांनी कॉम्रेडकडे पाहिले. त्यांनी बिडीचा एक लांब झुरका घेतला.

"पुस्तक ही काही कोणाची खासगी मालमत्ता नसते," ते म्हणाले.

चहावाल्याचा पोऱ्या ग्लास गोळा करायला आला तेव्हा वसंतराव दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते, आणि नानांनी हसू अनावर होऊन कवळी सांभाळण्यासाठी तोंडावर रुमाल दाबून धरला होता.