झाकण अडवतं ते फक्त वरून पडणारं पाणी

तळघराच्या खिडकीबाहेर जमिनीच्या पातळीखाली अर्धगोल खड्डा असतो. बांधकामवाले त्याला ‘विंडो वेल’ म्हणतात. त्याबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतोय: ‘खड्ड्यावर पारदर्शक झाकण बसवा, स्क्रूने भिंतीला आवळा, कडा सिलिकोनने बंद करा. तळाशी खडी असली की निचऱ्याचा पाइप लागत नाही. मग पुन्हा तिकडे बघायलाही नको.’ झाकण बसवावं हे मला मान्य आहे. पण बाकीचा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यातली एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे.

ती गोष्ट म्हणजे स्क्रू. तळघरात कुणी झोपत असेल तर आग लागल्यावर ती खिडकी हीच बाहेर पडायची वाट. जिना धुराने भरला की दुसरी कुठली उरत नाही. अमेरिकेत घरांसाठी जी नमुना बांधकाम संहिता वापरतात, तिच्यात म्हणूनच स्पष्ट लिहिलंय की अशा खिडकीवरचं झाकण किंवा जाळी आतून, किल्ली, हत्यार किंवा जास्तीचा जोर न लावता उघडली पाहिजे. खड्डा किमान 9 चौरस फुटांचा हवा, आणि 44 इंचांहून खोल असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या हव्यात. या आकड्यांमागे साधा विचार आहे: घाबरलेल्या माणसाला त्यातून वर चढता आलं पाहिजे, आणि पूर्ण पोशाखातल्या अग्निशामक जवानाला खाली उतरता आलं पाहिजे. आवळलेल्या झाकणाखाली हे सगळं फुकट जातं. झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून आतून सुटणाऱ्या कड्या मिळतात, त्या लावा. आणि घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, एकदा तरी ते स्वतः उघडून बघावं.

आता पाणी. पहिल्या वर्षी झाकण बसवून मी निर्धास्त झालो होतो. मग रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी काचेच्या बाहेर वीतभर पाणी उभं दिसलं. झाकण जागच्या जागी होतं. पाणी आलं होतं बाजूने: छताच्या पन्हळीचा पाइप खड्ड्यापासून दोन हातांवर मोकळा होत होता, आणि तिथली जमीन भिंतीकडेच उतरती होती. हिशोब करून बघा. 100 चौरस मीटर छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,500 लिटर पाणी होतं. त्याचा थोडासा हिस्साही भिंतीलगत मुरला तरी खड्डा भरायला पुरतो. म्हणून आधी पाइप लांबवून पाणी भिंतीपासून दूर सोडा आणि मातीचा उतार घराबाहेरच्या दिशेने करा, पहिल्या 10 फुटांत निदान 6 इंच. झाकण त्यानंतर.

‘खडी आहे ना!’ खडीच्या थरात साधारण तिसरा हिस्सा जागा मोकळी असते. म्हणजे एक चौरस मीटरच्या खड्ड्यात 30 सेंटिमीटर खडी असली तर तिच्यात शंभरेक लिटर पाणी मावतं. खाली चिकणमाती असेल तर ते तिथेच साचून राहतं, आणि पुढचं पाणी खिडकीच्या चौकटीला भिडतं. खडी पाणी थोडा वेळ साठवते. वाहून न्यायला पाइपच लागतो, आणि तो पायालगतच्या निचऱ्याला किंवा पंपाच्या खड्ड्याला जोडलेला असावा लागतो.

सिलिकोनचं थोडक्यात सांगतो. कोंडलेली ओल काचेवर घाम धरते, लाकडी चौकट कुजते, लोखंडी गंजते. कडेला हवेपुरती फट राहू द्या. अजून एक, पातळ प्लॅस्टिकचं घुमटाकार झाकण माणसाचं वजन पेलेलच असं नाही. अंगणात मुलं खेळत असतील तर खाली भक्कम लोखंडी जाळी हवी, तीही आतून उघडणारी.

राहिलं ‘बघायला नको’. फटीतून पालापाचोळा जातोच, त्याचा लगदा होऊन पाइपच्या तोंडावर बसतो. माझ्या खड्ड्यात तेच झालं होतं. पानगळीनंतर आणि मोठ्या पावसाआधी पाला हाताने काढा, खडीची वरची पातळी चौकटीच्या काही इंच खालीच आहे ना ते पाहा, आणि दोन बादल्या पाणी ओता. ते लगेच उतरलं तर पाइप मोकळा. वर उभं राहिलं तर त्याच दिवशी खडी उपसून पाइपचं तोंड शोधायला लागा.