बेडसोरचं माहेरचं नाव

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला नर्सिंगचं एमएस्सी करायची दुर्बुद्धी झाली. प्रबंधाला विषय ओळखीचा घेतला: बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळून दाबाने होणारी जखम. वीस वर्षं वॉर्डात पेशंटच्या कुशी बदललेल्या, तेव्हा पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, संदर्भ शोधणं म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम! भाचा जाता जाता म्हणाला, "मावशी, शब्द अवतरणचिन्हांत टाक, नेमकं सापडतं." टाकला. नेमकंच सापडलं, मूठभर. मी गाईड सरांना फोन केला, "सर, या विषयावर जगात फारसं कामच झालेलं नाही!" पलीकडे बराच वेळ शांतता.

शेवटी ग्रंथपाल बाईंना शरण गेले. स्क्रीनकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही माहेरच्या नावाने हाका मारताय."

म्हणजे असं, की या दुखण्याला कोणी बेडसोर म्हणतं, कोणी प्रेशर सोअर, कोणी डेक्युबिटस. २०१६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 'प्रेशर इंज्युरी' असं आणखी एक बारसं केलं. हा घोळ निस्तरायला तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून 'मेश' नावाची विषयशीर्षकांची यादी ठेवली आहे. आमच्या बेडसोरचं तिथलं, सासरचं नाव 'प्रेशर अल्सर'. लेखकाने काहीही लिहो, लेखाला चिठ्ठी त्याच नावाची. आणि नुसतं बेडसोर लिहिलं असतं तरी पबमेडने आपणहून ओळख पटवली असती. अवतरणचिन्हं घालून मीच त्याचं तोंड बांधलं होतं. (भाच्याला यंदा भाऊबीजेला रुमाल.)

मग मला चेव आला. मेशच्या उतरंडीत एक पायरी वर चढून 'स्किन अल्सर' निवडलं. तर मेशमधलं आमंत्रण 'सहकुटुंब सहपरिवार' असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं! वरचं शीर्षक घेतलं की पोटातली सगळी आपसूक येतात. पायाचे व्रण आले, त्यांचं बोट धरून मधुमेही पाऊल आलं. परत खाली उतरले.

"पबमेडमधल्या काही लेखांना मेशचं शीर्षक लागतच नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून शीर्षकाबरोबर साधे शब्दही द्या, मध्ये 'ऑर' टाकून, म्हणजे यातलं काहीही चालेल." मी सगळीकडे 'अँड' टाकलं, म्हणजे सगळं एकाच लेखात हवं. उरले शून्य. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि माउस स्वतःकडे घेतला.

या वेळी लेख इतके आले की पानं उलटून बोट दुखलं. मी सरांना फोन केला, "सर, या विषयावर फारच काम झालंय. विषय बदलू का?"

पलीकडे पुन्हा शांतता.