एक ‘टक्’ की ‘टकटकटक’?

रविवारी दुपारी, जेवण झालेलं, कुठे जायचं नाही, अशा वेळी गाडी सुरू झाली नाही ही तक्रार अजून कुणाकडून ऐकलेली नाही. गाडीला प्रसंगाचं भान असतं. गणपती आणायला निघायचं आहे, मागच्या सीटवर पाट, मुलांच्या हातात झांजा, आणि ‘मोरया’ म्हणून किल्ली फिरवली की बॉनेटखालून फक्त ‘टक्’. एवढ्याशा आवाजाने सोसायटी जागी होते. मीटरच्या खोलीतून धूर आला तरी खाली कुणी फिरकत नाही. पण बॉनेट वर गेलं की पाच मिनिटांत चार काका कमरेवर हात ठेवून आत डोकावायला हजर.

“बॅटरी गेली,” पहिले काका. “सेल्फ गेला,” दुसरे. “पेट्रोल आहे ना?” तिसरे. चौथे निदानाच्या भानगडीत पडत नाहीत. ते म्हणतात, “परत मारून बघा की!” माझ्या मते चौघांत खरं नुकसान हेच करतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणारी मोटर, इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअरवर भागवतात. म्हणजे काकांच्या प्रत्येक ‘परत’ला दहा-पंधरा गाड्यांच्या हेडलाइटचा खर्च आहे. म्हणून सेल्फ एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा, आणि मग निदान अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही तापून बसतो आणि दुसऱ्या काकांचं भाकीत उगाच खरं ठरतं.

चौथ्या काकांना काम द्यावं. हेडलाइट लावायचे, त्यांना समोरच्या भिंतीपाशी उभं करायचं आणि सांगायचं, “मी किल्ली फिरवतो, तुम्ही भिंतीवरचा उजेड बघा.” सोसायटीच्या पार्किंगमधलं हे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं उपकरण आहे. भिंत, काका नव्हे.

उजेड मावळला आणि आवाज ‘टकटकटकटक’ आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडतात त्या खुंटीला, गंज चढला आहे. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच, असतो. त्याला थोडा करंट पुरतो, म्हणून तो आत ओढला जातो. पण त्याने सेल्फची वाट मोकळी केली रे केली की सेल्फ सगळा करंट ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइडची पकड सुटते. सुटली की व्होल्टेज पुन्हा वर. हाच खेळ सेकंदाला अनेकदा. उजेड तसाच राहिला आणि एकच ‘टक्’ आला, तर सोलेनॉइडने आपलं काम केलंय, पुढे सेल्फच्या आत काहीतरी अडलंय. बहुधा ब्रश झिजलेत. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एकाने किल्ली धरायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकायचं. चिकटलेले ब्रश हलतात आणि गाडी सुरू होते. हा इलाज दोन-चार वेळाच चालतो, तेव्हा गाडी वळवायची ती गॅरेजकडेच.

उजेड लख्ख, पण आवाजच नाही, ही तिसरी तऱ्हा. इथे बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष असू शकतात. सेल्फपर्यंत हुकूमच पोचलेला नसतो. पुष्कळ गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पेडलच्या मागे एक छोटा स्विच असतो. आणि हौसेने एकावर एक टाकलेल्या पायपुसण्यांची घडी पेडलखाली गेली, तर क्लच शेवटपर्यंत जात नाही. आधी पायपुसणं बघा, मग मेकॅनिकला फोन करा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’वरून न्यूट्रलवर घेऊन, ब्रेक दाबून प्रयत्न करा. गिअरची जागा सांगणारा स्विच सरकलेला असतो. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही, तेव्हा दुसरी किल्ली आणा. बटणाची गाडी असेल तर रिमोटमधला सेल संपला असेल; पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. तोवर रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की बऱ्याच गाड्या सुरू होतात.

एवढं करूनही शांतताच असेल तर फ्यूजबॉक्स. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्याच्या जागी त्याच रंगाचा घालायचा. लालच्या जागी हिरवा ठोकून “आता उडणार नाही” म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांचं म्हणणं खरं असतं, पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, वायर जळते. सेल्फच्या रिलेची, म्हणजे त्याला वीज सोडणाऱ्या छोट्या स्विचची, परीक्षा सोपी आहे. शेजारी हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करायची. गाडी सुरू झाली तर चोर सापडला. फक्त आता हॉर्न वाजणार नाही, आणि पुण्यात हॉर्नशिवाय गाडी चालवणं ही साधना आहे.

आता टर्मिनल. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पावसाळ्यात निम्मी प्रकरणं याच दोन खुंट्यांवर मिटतात असा माझा ठाम समज आहे. बॅटरीच्या खुंटीवर पांढरी-हिरवट भुकटी जमते. ती खुंटी आणि पकडीच्या मधे शिरली की करंटची वाट अरुंद होते. नळाला बारीक धार असली की तांब्या भरतो, गच्चीवरची टाकी भरत नाही. तसे दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही. आणि दिवे लागलेले पाहून पहिले काका म्हणतात, “बॅटरी तर ठणठणीत आहे.” मग सेल्फ उतरवला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दहाचा पाना घ्या. आधी निगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. हा सोवळ्याओवळ्याचा नियम नव्हे. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर पाना वेल्डिंगच्या दुकानात गेल्यासारखा ठिणग्या उडवतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून भुकटीवर ओता, फसफसणं थांबलं की तारेच्या ब्रशने घासा, पुसा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. टर्मिनल हाताने हललं नाही पाहिजे. आणि इंजिनपासून पत्र्यापर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी विसरू नका. ती खाली चिखलात सडत असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

मल्टिमीटर घरात असावा, मिक्सरइतकाच. गाडी रात्रभर उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, ११.८ म्हणजे संपली. पण नुसत्या उभ्या आकड्यावर भाळू नका. म्हातारी बॅटरी १२.५ दाखवते आणि सेल्फ लागताच ८ वर येते. सेल्फ फिरताना आकडा साधारण साडेनऊच्या वर राहिला पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा वीज-जनित्र, चार्जिंग करतोय. दिसले नाहीत तर आजची बॅटरी चार्ज करून उद्या पुन्हा पार्किंगमध्ये हेच संमेलन भरणार.

अल्टरनेटर तपासायची एक गल्लीतली पद्धत आहे: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर चांगला. जुन्या अँबेसेडरला ती चालून जात असे. आजच्या गाडीत बॅटरी काढताच व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा मेंदू, जाऊ शकतं. ही सूचना देणाऱ्याला चहाला वर पाठवा.

आता जंपर केबल. रंगीत प्लास्टिक जाड आणि आत तांबं केसाएवढं, अशा केबली बाजारात ढिगाने मिळतात. त्या तापतात, गाडी सुरू करत नाहीत. लाल टोक बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, दुसरं लाल चालू गाडीच्या पॉझिटिव्हला, काळं चालू गाडीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. पाच मिनिटं चालू गाडी तशीच ठेवा, मग सेल्फ मारा. केबली उलट क्रमाने काढा.

धक्का मारायचा असेल तर मनुष्यबळ जमलेलंच आहे. किल्ली ऑन, गिअर दुसरा, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. बॅटरी ठार मेली असेल तर कुणालाच चालत नाही. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर विजेवर चालतात, आणि आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. या टप्प्यावर कुणीतरी “आमच्या वेळी हँडल मारायचो” म्हणतंच. कॅडिलॅकने १९१२ साली विजेचा सेल्फ बसवला तो हँडल उलटून हात मोडू नयेत म्हणून, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

इंजिन घर्रघर्र फिरतंय, पण पेटत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. किल्ली ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे. नाही आली तर पंपाचा फ्यूज, रिले, नाहीतर उंदीर. उंदरांना वायर का आवडते ते त्यांनाच ठाऊक. डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या शेजारी ठेवूनही ते जेवतात. मूषकावर स्वार होऊन येणाऱ्याला आणायला निघालात, तर रागावणार तरी कुणावर!

बॅटरी दर दोन दिवसांनी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. डिकीतला ५ वॉटचा दिवा लागून राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-अवर (बॅटरीतली साठवण मोजायचं माप) खातो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी शुक्रवारी रात्री भरलेली, मंगळवारी सकाळी रिकामी. निगेटिव्हची वायर काढून मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून वायर आणि खुंटीच्या मधे जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्या, मग आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज उपटत जा. ज्याच्यानंतर आकडा पडला, तिथला गुन्हेगार. बहुधा तो बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम निघतो. मीटर जोडलेला असताना किल्ली मात्र फिरवू नका, मीटरचाच फ्यूज जातो. आणि ५० मिलिअँपिअर म्हणजेही महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतात, तेव्हा गावाला महिनाभर जाणाऱ्याने निगेटिव्ह काढून जावं.

शेवटी बॅटरी नवीच घ्यावी लागली, तर जुनीवरचा नंबर लिहून न्या. ३८बी२०एल यातला २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी आणि शेवटचं अक्षर खुंट्या कुठल्या बाजूला ते सांगतं. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही आणि दुकानदार म्हणतो, “खेचून बसवतो ना साहेब!” खेचू देऊ नका. जुनी बॅटरी त्याच्याकडेच द्या, शिशाचे पैसे बिलातून कापून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का समोर मारून घ्या. “नंतर पाठवतो” म्हणून ठेवून घेतलेलं कार्ड पुन्हा दिसत नाही.