आपला तो बाब्या

आमचे एक वरिष्ठ नियमांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहेत. फक्त त्यांचा काटेकोरपणा समोरच्याशी असलेल्या घसटीच्या व्यस्त प्रमाणात चालतो. मी दहा मिनिटे उशिरा आलो की हजेरीपटावर लाल शेरा पडतो, आणि त्यांचा रोज सोबत जेवणारा मित्र पाऊण तासाने उगवला की ‘अहो, त्याच्या घरी अडचण होती’ असे तेच परस्पर सांगून मोकळे होतात. अडचण मलाही होती, पण मला कोणी विचारलेच नाही! आपण पक्षपात करतो हे त्यांच्या गावीही नसते, याचीच अधिक चीड येते.

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीचे निमित्त सांगून, प्रत्यक्षात कसेही, दोन गटांत टाकले होते. मग त्यांना इतरांत पैसे वाटायला सांगितले, तेव्हा आपल्या गटात कोण आहे हे ठाऊक नसतानाही त्यांनी पैशांचे माप स्वतःच्या गटाकडे झुकवले, इतकेच नव्हे तर दुसऱ्या गटाच्या वर राहण्यासाठी प्रसंगी थोडे कमी पैसेही पत्करले. तिथे निदान पैसे नेमके कोणाला जाताहेत हे तरी ठाऊक नव्हते.

काल मी न राहवून विचारलेच. ‘नियम सर्वांना सारखा आहे,’ असे उत्तर मिळाले, आणि त्याच क्षणी माझ्या मागून तो मित्र निवांतपणे आत शिरला.