दोन अ ब विसरू नका

क्ष आणि य या जोडगोळीचा मला शाळेपासून राग आहे. अख्ख्या गावाला यांची बेरीज ठाऊक, गुणाकार ठाऊक, वर्गांची बेरीजसुद्धा ठाऊक; फक्त हे दोघे कोण, ते कोणी सांगायचं नाही. गणित घालणाऱ्याला अर्थातच सगळं माहीत असतं. त्यानेच आधी मनात ७ आणि ४ धरलेले असतात. मग त्यांना ओळखू येणार नाही इतकं कुस्करायचं आणि लोकांच्या पोरांना विचारायचं, सांगा पाहू कोण होते! सज्जन माणूस असता तर सरळ सांगून मोकळा झाला असता.

दिवाळीच्या सुट्टीत दहावीतली भाची क्लासच्या ‘जादा सरावा’ची वही घेऊन आली. “मामा, तू सायन्सला होतास ना? शिवाय बँकेत आहेस.” बँकेत गणितं संगणक करतो आणि मी फक्त ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच सांगतो, हे तिला कोण सांगणार? ताई समोर बसली होती. भावाची अब्रू जायची ती निदान बहिणीसमोर तरी जाऊ नये, म्हणून मी चष्मा पुसला.

क्ष + य = ११
क्ष² + य² = ६५

मी मळलेल्या वाटेने निघालो. य = ११ − क्ष. हे दुसऱ्या समीकरणात ठेवलं, कंस सोडवला, क्ष² दोनदा आले, २२क्ष आले, सगळ्याला दोनाने भागलं आणि क्ष² − ११क्ष + २८ = ० पर्यंत पोचलो. २८ चे अवयव शोधत होतो, तेवढ्यात भाचीने पेनाला टोपण लावलं.

“झालं?”

“हो. ११ चा वर्ग १२१. त्यातून ६५ गेले, उरले ५६. म्हणजे २ क्ष य. म्हणून गुणाकार २८.”

“पण क्ष कुठाय?”

“तो अजून लागतच नाही मामा. वजाबाकीचा वर्ग म्हणजे बेरजेच्या वर्गातून चार वेळा गुणाकार वजा. १२१ वजा ११२, नऊ. वजाबाकी ३. बेरीज ११. झाले ७ आणि ४.”

मी क्षच्या मागे पानभर धावत होतो आणि ही बाई त्याला न भेटताच त्याच्या घरची सगळी माहिती काढून आली होती! याला म्हणतात नित्यसमानता, म्हणजे अक्षरांच्या जागी कुठलीही संख्या घातली तरी खरंच राहणारं समीकरण. आठवीत आम्ही ती विस्तारसूत्रं म्हणून पाठ केली, पण त्यांनी कंस फोडायचा एवढंच कळलं होतं. फोडलेला कंस उलटा वापरून दोन समीकरणांना कबुली द्यायला लावता येते, हे आमच्या सरांनी सांगितलं असेल तर मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत असणार.

यातला खरा मानकरी तो (अ + ब)² = अ² + २अब + ब² मधला २अब. पिढ्यान्‌पिढ्या मुलं (अ + ब)² म्हणजे अ² + ब² लिहून येतात आणि एक-एक मार्क घालवतात. त्यांनी लग्नाचा हॉल बुक करून बघावा. मुलाकडची माणसं अ², मुलीकडची ब², एवढीच धरून केटररला आकडा सांगितला की पंगतीला दोन्ही बाजूंना ‘आपलेच’ असलेले, पण कोणाच्याच यादीत नसलेले २अब हजर. श्रीखंड त्यांच्यापाशी संपतं.

घनांचंही तसंच. बेरीज ५, घनांची बेरीज ३५. ५ चा घन १२५, त्यातून ३५ गेले, ९०. तेच तीन वेळा गुणाकार गुणिले बेरीज, म्हणून गुणाकार ६. उत्तर २ आणि ३. हे मात्र मी केलं, आणि ताईकडे बघितलं. ती मटार सोलत होती.

अब्रू सावरायला मग मी भास्कराचार्यांना बोलावलं. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त हेच आहे म्हटलं. दोन संख्यांची वजाबाकी ८, वर्गांची वजाबाकी ४००. भाचीने ४०० ला ८ ने भागलं, बेरीज ५० आणली आणि २९ व २१ सांगून मोकळी झाली. आचार्यांनीही नेमकी हीच रीत दिली आहे, फरक इतकाच की त्यांनी ती श्लोकात बसवली. चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. आजोबांचं गणित शिकायला मठ! आमच्याकडे आजोबांची वही रद्दीत गेली, तीही वजनात फसवून घेऊन.

“पण क्ष ७ की य ७?” मी शेवटचा हल्ला केला.

“दोन्ही. वजाबाकी अधिक ३ किंवा उणे ३.”

म्हणजे एवढी चौकशी करून कोण कुठला ते शेवटपर्यंत कळत नाहीच. मग मीच एक गणित घातलं: बेरीज १०, गुणाकार ४०. हे माझं नव्हे, कार्दानो नावाच्या इटालियन वैद्याने १५४५ साली छापलेलं. गडी जुगारीही होता. त्याने उत्तर काढलं आणि वर ते निरुपयोगी आहे हेही लिहून ठेवलं.

भाचीने झरझर लिहिलं. १०० वजा १६०. पेन थांबलं.

“मामा, वर्ग उणे साठ? असं कसं?”

“अकरावीत असतं,” मी पाय पसरून म्हणालो.

“मग आत्ता काय लिहू?”

“वास्तव संख्यांत उकल नाही.”

तिने ते लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटलं. तिथे क्ष आणि य आपल्याबरोबर ‘झ’लाही घेऊन आले होते.